गाडीतला केर

गाडी म्हणजे जुनी रुग्णवाहिका,
मिरजेच्या कुठल्याशा दवाखान्याची, लिलावात मिळालेली.
वर पिस्ता रंग मारला, तरी पुढच्या पत्र्यावर
ती उलटी अक्षरं उन्हात वर येतात,
फक्त आरशात वाचायची.
टपावरच्या दिव्याचं भोक गळायचं,
ह्यांनी तिथं पिठाच्या डब्याचं झाकण ठोकलं.
आत अडीच हात पलंग, एक शेगडी,
पडदे माझ्या विटलेल्या कांजीवरमचे,
आणि ऑक्सिजनची नळकांडी जिथं टांगायचे
त्या आकड्याला ह्यांची टोपी.

चौतीस वर्षं आम्ही त्रिशूरला. गलाई.
तेजाब, भट्टी, मूस,
आणि दिवेलागणीला दुकानाचा केर,
जो कधी फेकायचा नसतो.
जाळायचा, धुवायचा;
वर्षाकाठी त्यातनं एखादी अंगठी निघते.
लेंगऱ्याला यायचो लग्नाला नाहीतर मयताला,
चपलेला माती लागायच्या आत परतीचं तिकीट.
शेजारीण विचारायची, तुमचा मुलूख कसा आहे गं?
मी म्हणायचे, दुष्काळी.
एका शब्दात उरकायचे.

पौषात निघालो.
नणंद म्हणाली, एवढे पैसे घालून
कुणी दहिवडी बघायला जातं का?

म्हसवडच्या अलीकडं वाट चुकली.
पांढरी माती, बाभळी, लांबवर एक पाण्याची टाकी,
जवळच येईना.
तिकडं असताना भांडायचो मराठीत,
शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.
इथं बांधावरचा म्हातारा ऐकत होता,
तर आम्ही आपसूक मल्याळमवर गेलो.
म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं,
मग म्हणाला, डावीकडं वळा.

पिंगळीच्या माळावर एका बाईनं हात केला.
वाटलं, ती अक्षरं दिसली असतील.
तिला वाचता येत नव्हतं, सुलटंही.
तिला गाडीचा घाट ओळखीचा होता.
मागं दोनशे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड,
बिऱ्हाडावर उलटी बाज, बाजेत कोंबड्या आणि एक झोपलेलं पोर.
एक मेंढी अडली होती.
हे म्हणाले, अहो ही दवाखान्याची गाडी नाही आता.
बाई म्हणाली, मग काय हाय?
ह्यांना उत्तर सुचेना. मागचं दार उघडलं.

आमच्या पलंगावर, माझ्या चादरीवर,
पहाटे दोनला कोकरू झालं.
ह्यांनी टॉर्च धरला होता,
मुशीत सोनं फिरताना बघायचे तसे बघत होते,
खोकला दाबून.
सकाळी बाईनं आमचं घर नीट तपासलं.
चूल बघितली, पाणी बघितलं, पडद्याला हात लावला.
कोंबड्या कुठं ठेवता?
कोंबड्या नाहीत.
मग घर कसलं, म्हणाली,
आणि तांब्याभर दूध ठेवून चालू लागली.

पुसेगाव, कोरेगाव, सातारा सोडला
आणि चढ लागला.
पहिल्या गिअरवर गाडी कण्हत होती,
कुणालातरी घेऊन निघाल्यासारखी.
मी ह्यांच्याकडं बघितलं नाही.
चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या,
लाल जांभा, आणि असा वारा
की रात्रभर गाडी पाळण्यासारखी हलली.
डॉक्टर म्हणाला होता, छाती निम्मी उरलीय.
तेजाबाचा धूर नाव घेऊन आत जात नाही,
बाहेरही येत नाही.
उजाडताना हे कड्यावर उभे होते, टोपी नाही, मफलर नाही.
मी ओरडले नाही.
खाली उरमोडीचं पाणी, त्याच्याकडं पाठ करून
हे पूर्वेकडं बघत होते,
आम्ही आलो तिकडं, जिथं काही दिसत नाही.
म्हणाले, एवढं मोठं होतं होय.

मी गाडी झाडायला घेतली.
म्हसवडची पांढरी धूळ, जांभ्याची लाल,
लोकरीचा पुंजका, वाळलेलं काहीतरी.
सुपलीत गोळा केलं, दाराशी गेले
आणि हात थांबला.
हे मागनं म्हणाले, थांब.
पुडी बांधायला कागद शोधत होते.