चव्वेचाळीस

विडी घरकुलात पत्र्याखाली
बाहेर चव्वेचाळीस, प्रोसेसर ब्याण्णव.
चादरीवरचा मोर अर्धा उमटला की
स्क्रीन काळी.

जुन्या बाजारातला आय-सेव्हन, अठराशेला,
घासाघीस करून. नव्या पंख्याला पैसे उरले नाहीत.
जुनाच उघडला. पात्यांत गुलाबी तूस,
नायनाच्या मागाचं,
माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली तरी.

दातांच्या ब्रशनं काढत बसलो.
पेस्ट वाटाण्याएवढी.
"एवढीशीच? मागाला आम्ही वाटीभर तेल द्यायचो."

झाकण काढून ठेवलं,
घरातला एकुलता टेबल-फॅन तिकडे वळवला.
एकोणसत्तर.

खाटेवर नायना, उघडे, घामाघूम:
"त्याला लागतंय का वारं?"

लागतंय म्हटलं.
मोराची शेपटी चाललीय अजून.