खुर्चीतून उठताना

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं एकतीस वर्षं भरलं.
प्यार्नूच्या नदीकाठच्या लॅबमध्ये
मी कवळ्या करायचे,
अर्ध्या गावाचं हसू माझ्या पक्कडीखालून गेलंय.
मग दात छापणारं यंत्र आलं.
त्यांनी मला फुलं दिली, केक दिला,
मी येताना माझा ड्रॉवर रिकामा करून आणला:
तार, मेण, गुलाबी ॲक्रिलिक.

डिसेंबर. साडेतीनलाच दिवे.
या बोटांचं आता करायचं काय?

पहिला माणूस एकेरी तारेचा केला.
वीतभर.
दुसऱ्याच दिवशी गुडघ्यात मोडला.
एकाच जागी वाकत राहिली की तार थकते,
मला हे कुणी सांगायला नको होतं.
मग दुहेरी घेतली.
दोन टोकं दाराच्या कडीला, दोन ड्रिलच्या तोंडात,
घुर्रर्र,
आणि पीळ बसला.
लेकीची वेणी घालायचे तशीच,
फक्त ही रडली नाही.

मांडीला, दंडाला ॲक्रिलिकची हाडं,
सांध्यापाशी तार उघडी.
तळपायात एकेक नट,
टेबलाला भोकं, खालून स्क्रू.
वरून पाहणाऱ्याला वाटतं, स्वतःच्या पायावर उभा आहे.
अंगावर स्पंज, स्पंजावर
जुन्या पायमोज्याचा स्वेटर.
डोकं आधी मेणाचं होतं. दिव्याखाली
नाक हनुवटीपर्यंत आलं.
आता लाकडाचं आहे.
दात दिले नाहीत.
तोंड मिटलेलंच ठेवलं.
निवृत्ती म्हणजे निवृत्ती.

वाचनालयातलं पुस्तक म्हणतं,
सुरुवातीला चेंडू घ्या, टेबलावरून घरंगळू द्या.
मला चेंडूशी काय बोलायचं होतं?
मी म्हटलं, हा खुर्चीतून उठेल.
बास, एवढंच.
सेकंदाला बारा फोटो,
प्रत्येक फोटोआधी केसभर हलवायचा,
हात काढायचा, श्वास धरायचा.

पहिल्या खेपेला खिडकीतून ऊन आलं, गेलं, आलं,
पाहिलं तर खोली नुसती लुकलुकत होती.
खिडकीवर घोंगडी ठोकली.
दुसऱ्या खेपेला मांजर.
तिसऱ्यांदा तो उठला खरा,
पण छतातून कुणी ओढून घेतल्यासारखा.
वजनच नव्हतं त्याला.

तेव्हा मीच बसले.
उठले.
बसले.
आधी काय हलतं? डोकं? गुडघा?
साठ वर्षं उठतेय, आणि माहीत नाही!
तिसाव्या की चाळिसाव्या वेळी दार वाजलं.
खालच्या मजल्यावरचा हेल्डुर,
हेरिंगच्या बोटीवर जन्म घालवलेला,
दिवसाला फार तर नऊ शब्द.
"खुर्ची मोडलीय?"
"नाही. उठायचं कसं ते शिकतेय."
त्यानं विचार केला.
"मी बसू?"

तो उठताना
आधी नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं,
मग हात डाव्या मांडीवर दाबला,
मग काहीच नाही.
दोन फोटोंइतकं काहीच नाही.
आणि मग उरलेला माणूस वर आला.
"पुन्हा," मी म्हटलं.
पेन्सिल माझ्या हातात,
लाज दोघांच्याही चेहऱ्यावर.

अठ्ठेचाळीस फोटोंना दोन दिवस लागले.
छत्तिसाव्यात माझा अंगठा आलाय.
असू दे.

रविवारी तो धुरी दिलेला मासा घेऊन आला,
फोन डोळ्यांपासून लांब धरून त्यानं पाहिलं.
चार सेकंद.
परत पाहिलं.
परत.
"याचा डावा खुबा गेलाय."
"हो."
"डॉक्टरला दाखवायला हवा."
"ऐकत नाही तो."

मासा सोलला, पाव कापला.
बराच वेळ आम्ही चावत बसलो
(वरची कवळी माझीच, नव्याण्णव सालची, अजून पक्की).
मग तो म्हणाला,
"उठून जातो कुठे?"
"दार केलं नाही अजून."
त्यानं बोटं पुसली,
खिशातून घडीची पट्टी काढली.
"केवढं हवं?"
"वीतभर. वर दोन बोटं."
"आणि टोपी घातली तर?"