तिसरा अंक

नातेलाबाईंनी फळ्यावर तीन रेघा ओढल्या.
तिबिलिसीत वीज नव्हती, खडू मात्र होता.

"पहिल्या अंकात सरकार घरटी एक पत्र्याचा माणूस देतं:
रांगेत तो उभा राहील, तुम्ही घरी बसा.
इथे प्रेक्षक हसतो. हसू द्या.

दुसऱ्यात पत्र्यांची आपसात ओळख होते,
घरातल्यांची तुटते.
कथा वळते कुठे? स्फोटात नाही, मालखाझ.
ती म्हातारी बघ,
स्वतःच्याच पत्र्यामागे येऊन उभी राहते
आणि विचारते, शेवटचं कोण?"

"आणि खिडकी उघडल्यावर आत काय असतं?"

बाईंनी घड्याळ पाहिलं, खडूचे हात कोटाला पुसले.
पेन्शनची खिडकी चारला बंद होते.
"तिसरा अंक," त्या जिन्यावरून म्हणाल्या,
"उद्या. नंबर लागला तर."