एकशेबाविसावा दिवस

शेंडा पार्कातल्या पत्र्याच्या खोलीत
दोन वाणांच्या वाढीच्या रेषा
एकमेकींवर ठेवून बघतेय.
नऊ नंबर आधी रांगतो, मग सुसाट.
चौदा सुरुवातीलाच दमतो.
कुठे छेदतात, फरक खरा की योगायोग,
तेवढंच शोधायचं होतं.

पण तिसऱ्या पुनरावृत्तीत
एकशेबाविसाव्या दिवशी
दोन्ही रेषा चार बोटं खाली.
ऊस काय आखडतो?
चुकीची नोंद म्हणून खोडणारच होते,

तर इराप्पा, मोजकाठी खांद्यावर,
दारातूनच,
"भरणी केलती की म्याडम त्या आठवड्यात.
ऊस हाय तेवढाच.
भुई वर आलीया."

समीकरणात आता एक पद जास्त.
त्याला अक्षर हवं होतं.
मी 'भ' दिलं.