तूट

झाडशहापूर फाट्यावरचा पंप बंद होऊन चार वर्षं झाली.
छत उतरवून नेलं. टाकी उपसून काढली,
तिच्या बुडाला भोक होतं, हरभऱ्याएवढं.
मी करंगळी घालून बघितलं.

आता त्याच जागी नऊ नळ्या
वीस-वीस फूट खाली उतरल्यात.
वर ब्लोअर, त्याच्यापुढं कोळशाची दोन पिंपं.
माती श्वास सोडते, यंत्र तो ओढून घेतं,
कोळसा धरून ठेवतो, धरायचं ते.
रात्रपाळीला मी, सातेरी घाडी.
दर तासाला आकडा लिहायचा.

लिहिणं मला नवं नाही.
अकरा वर्षं याच आवारात
पहाटे डिपरॉड टाकीत सोडायचो, वर काढून वाचायचो.
रोज काहीतरी कमी भरायचं,
सहा लिटर, आठ, एकदा चौदा.
मालक म्हणायचे, पेट्रोल म्हणजे पाखरू,
उन्हाचं उडतं. लिही.
मी लिहायचो: उडालं.
अक्षर चांगलं होतं माझं.

ते उडत नव्हतं.
ते मुरमातून, चिकणमातीच्या फटीफटीतून
तोपाण्णाच्या विहिरीकडं चाललं होतं
पायवाट माहीत असल्यासारखं.
पाण्यावर मोरपिसाचा रंग आला तेव्हा
त्याची सून यल्लूबाई कळशी घेऊन पंपावर आली,
माझ्या रजिस्टरवरच ठेवली.
"हे तुमचंच नव्हं? बघा की."
पानावर गोल ओला डाग उमटला. तो अजून आहे.

दिवसपाळीचा बसलिंग गोकाकचा.
मातीचा नमुना नाकाशी धरून म्हणतो,
"इन्नू वासनी ऐति."
त्याच्या भाषेत वासनी म्हणजे नुसता वास.
आमच्यात वासना राहिली की
माणूस गेला तरी जात नाही,
कावळा शिवत नाही.
मी हसलो नाही. त्याला सांगितलंही नाही.

मार्चात आकडा शून्याला टेकला.
साहेबांनी ब्लोअर बंद करून चार दिवस थांबायला सांगितलं.
इतकी शांतता, की तीन शेतं पलीकडची मोटर ऐकू यायची.
चौथ्या रात्री आकडा चढला.
चाळीस. नव्वद. एकशे दहा.
"चिकणमाती धरून बसते," साहेब म्हणाले,
"घाई केली की फसवते."
मी मनात म्हटलं, माती नव्हे हो साहेब.

ब्लोअर पुन्हा सुरू.
पहाटे टँकरच्या रांगेत घागर ठेवून
यल्लूबाई कुंपणाशी येते.
"किती झालं गा सातेरी?"
"सत्त्याण्णव."
"काल शंभर होतं."
"होय की."
एवढंच. मग ती रांगेत जाते.

मी तारीख घालतो, वेळ घालतो, आकडा घालतो.
शेवटच्या रकान्यापाशी हात सवयीनं थबकतो,
जुना शब्द पेनाच्या टोकाशी येऊन बसतो,
आणि आता तर तो खराही आहे.
शेरा मी कोरा सोडतो.