चढाचं पाणी

माघातली पहाट, भंवरकुव्यावर मिनीबस.
माणशी साडेसातशे, पोहे धरून.
पैसे शलाकाने भरलेले, पुण्याहून:
"बाबा, घरात बसून शेवाळ येईल तुमच्यावर."

बारा जण आम्ही. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या गुळवणीबाई,
बँकेतले दोघे, भांडून आलेलं एक नवं जोडपं.
महूच्या पुढे, पुलापाशी, चढला केरसिंग भाबर,
आमचा गाइड. कॅनव्हासचे बूट, नाडी एकाच बुटाला.
"आवाज खिशात ठेवा," म्हणाला, "बाकी मी दाखवतो."

मग डांबर संपलं.

कांडोळाचं झाड दाखवलं, गोरंपान, भुतासारखं,
सालीवर चार ओरखडे.
अस्वल?
"नाही. डिंकवाल्यांची कुऱ्हाड."
मी जरा हिरमुसलो, ते त्याच्या लक्षात आलं असावं.
पुढे डबक्याच्या काठी एक पंजा दाखवला,
कड अजून ढासळली नव्हती.
"हा मात्र खरा. पहाटेचा."
भांडलेल्या दोघांनी एकमेकांचा हात धरला.

सागाची पानं पापडासारखी मोडत
दहाला धारेवर आलो.
मागे माळवा, सपाट, ओळखीचा.
खाली निमाड, धुक्यात, शाई कमी पडलेल्या नकाशासारखं.
केरसिंगने टाचेने मातीत रेघ ओढली.
"इकडे पडलं तर चंबळला जातं.
तिकडे पडलं तर नर्मदेला. ढग एकच."
गुळवणीबाई रेघेच्या दोहीकडे पाय ठेवून उभ्या राहिल्या,
फोटो काढून घेतला.

मी बाटली तोंडाला लावली.
"कुठलं पाणी, साहेब?"
"घरच्या नळाचं."
तो हसला. "म्हणजे खालचंच."

हे मला सांगतोस, बाबा?
चौतीस वर्षं नर्मदा मोजली मी,
टाकीखालच्या खोलीत, हिरव्या नोंदवहीत,
पहिली पाळी, दुसरी पाळी,
पंप बंद असल्यास कारण.
'उपसा, मीटरमध्ये' असा एक रकाना होता,
आकडा छापूनच यायचा, रोज तोच.
आज माझ्या पोटऱ्यांनी तो वाचला.

उतारावर तो दिसला. पाइप.
छातीएवढा, काळा, झाडीतून वर चाललेला,
सांध्यावर मोहाची पानं साचलेली.
केरसिंगने कान लावला. मीही लावला.
आत ती होती.
गुणगुणत वगैरे नव्हती. धापा टाकत होती,
दमेकऱ्यासारखी, न थांबता, इंदूरकडे.

आणि वीस पावलांवर, नाल्याच्या वाळूत,
कोपरभर खोल खड्डा. त्याच्यापाशी एक बाई.
वाटी भरायची, हंड्यात ओतायची,
थांबायचं,
वाळूतून परत झिरपेपर्यंत.
वाटी.
"माझी काकू," केरसिंग म्हणाला,
मघाशी कांडोळ म्हणाला होता तसंच.

बँकेतल्याने विचारलं, हे पिता येतं का?
तिने वाटी पुढे केली. तो मागे सरला.
मी घेतली. गार होतं, किंचित मुळांच्या चवीचं.
मग माझी अर्धी उरलेली बाटली
तिच्या हंड्यात ओतावी म्हणून हात पुढे गेलाही.
तिने हंड्यावर तळवा ठेवला.
"राहू द्या. तुम्हाला अजून चढायचंय."

रात्री शलाकाचा फोन. कसं झालं?
"पंजा पाहिला," मी सांगितलं. "बिबट्याचा."
"अजून?"
मोज्यातली कुसळं काढत होतो.
एक निघत नव्हतं.

पहाटे नळ खोकला नेहमीसारखा,
आधी हवा, मग गढूळ, मग ती.
बादली बाजूला सारून खाली वाटी धरली.
भरली.
मी थांबलो.
नळ थांबायला तयार नव्हता.