जातो म्हणणाऱ्यांचं खातं

मॉन्क्टनच्या फोन कंपनीत ओडेट कॉर्मिए
ज्या खात्यात बसते, त्याचं काम एवढंच:
जातो म्हणणाऱ्याला
येतो म्हणायला लावायचं.

समोर कागद. त्यावर वाक्यं, क्रमाने.
आधी नाव घ्या. मग वर्षं मोजून दाखवा.
मग महिन्याला आठ डॉलर कमी करा.
मग पंधरा.
त्यापुढे जाऊ द्या.

केप ब्रेटनहून मर्डक गिलिस
दर तीन महिन्यांनी फोन करतो.
लाइन तोडा, म्हणतो.
मागे कुत्रं पाण्याच्या भांड्याशी खुडबुडतं.
"एकोणतीस वर्षं झाली तुम्हाला आमच्याकडे."
"तीस होतील. मे महिन्यात."
"मग असं कसं जाऊ देऊ?"
हे कागदावर नाही.
कागदावर आहे: आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.

मग तो बंदरातल्या बर्फाचं सांगतो,
गुडघ्याचं, शेजाऱ्याने विकलेल्या होडीचं,
आणि राहतो.
गेल्या वेळी तिने सूट देऊ केलीच नव्हती,
तरी राहिला.

प्रशिक्षणाला एक बाई आल्या होत्या.
फळ्यावर आई काढली, बाळ काढलं, मध्ये दार.
आई परतली की काही मुलं बिलगतात,
काही तोंड फिरवतात,
काही बिलगतात आणि चावतात.
ग्राहकांचंही तसंच, त्या म्हणाल्या.
मग सँडविच आले.
ओडेटच्या वहीत त्या दिवसाचा एकच शब्द आहे:
चावतात.

मार्चमध्ये ल्युक घर सोडून गेला.
दोन बॅगा, बूट हातात, जिना न वाजवता.
तिने वर्षं मोजून दाखवली नाहीत.
दुसऱ्या दिवशी कामावर, साडेदहाला,
मर्डक म्हणाला, लाइन तोडा.
आणि ती म्हणाली,
बरं.

पलीकडे कुत्रंसुद्धा गप्प.
"बरं?"
एकाहत्तरीचा माणूस,
आवाज चार वर्षांचा.

तिचं बोट कळीवरच होतं.
"फोन धरून ठेवा," ती म्हणाली,
आणि अशा वेळी लावायचं संगीत लावलं नाही.
नुसती तारेतली खरखर. त्याचा श्वास. तिचाही असावा.
भिंतीवरचा आकडा लाल झाला: अकरा मिनिटं, एक कॉल.
"धरलाय," तो म्हणाला.

नंतर तिने नोंद केली.
ग्राहक: राहिला. सूट: नाही.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ काहीच नव्हतं.
कुत्र्याचं नाव विचारायचं
याही वेळी राहून गेलं.